देवाने हाक दिली असं वाटतंय? मग 'हो' कसं म्हणायचं

उन्हाळ्यात आपल्याकडे गावोगाव कन्व्हेन्शन, म्हणजे मोठ्या ख्रिस्ती सभा होतात, मंडप पडतो, नवापूर, साक्री, नंदुरबार, तळोद्याकडून पिकअप भरभरून लोकं येतात, रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात आणि शेवटच्या दिवशी वक्ते विचारतात की प्रभूच्या सेवेसाठी कोण उभं राहील, तेव्हा बरीच पोरं-पोरी डोळे पुसत उभी राहतात. मला ते बघायला फार आवडतं, मनापासून आवडतं. पण मग जून लागतो, पेरणीची घाई सुरू होते आणि त्या पोरांना कोणी सांगत नाही की आता उद्या सकाळी उठून नेमकं करायचं काय. म्हणून हे लिहितेय. ज्यांना वाटतंय की देवाने आपल्याला बोलावलंय, मग ते पास्टर व्हायला असो, संडे स्कूल घ्यायला असो, नर्सिंग करून चिंचपाड्यासारख्या मिशन हॉस्पिटलात काम करायला असो की नुसतं शेजारच्या एकट्या म्हातारीला सांभाळायला असो, त्या सगळ्यांसाठी.

प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. पहिले तीन अध्याय देवाने आपल्यासाठी काय केलं हे सांगण्यात गेलेत आणि चौथा सुरू होतो तो विनवणीने, की तुम्हाला जे पाचारण झालंय, म्हणजे जी हाक आलीय, त्याला शोभेल असं चाला. आता शोभेल असं म्हणजे कसं? आपल्याला वाटतं पुढे येईल की जोरदार उपदेश करा, उपास धरा, डोंगरावरच्या पाड्यापाड्यात जाऊन सुवार्ता सांगा. पण पहिल्यांदा येते नम्रता, ती पण पूर्ण नम्रता, मग सौम्यता, मग सहनशीलता, मग प्रीतीने एकमेकांचं सोसून घेणं. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक ही नावं पण त्याच अध्यायात आहेत, पण ती येतात 11व्या वचनात. मला यातून एकच गोष्ट कळते आणि पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. हाक देवाकडून येते पण तिचं उत्तर माणसांमध्ये राहून द्यावं लागतं, आणि ते उत्तर खरं आहे की नाही हे यावरून कळतं की तुम्ही 'हो' म्हटल्यानंतर तुमच्या जवळच्या माणसांना तुमच्यासोबत राहणं सोपं झालं की अवघड झालं.

पहिले काही दिवस कोणाला सांगू नका

कन्व्हेन्शनहून घरी येता येता गाडीतच व्हॉट्सअॅपला स्टेटस टाकू नका की प्रभूने मला निवडलं. आनंद खरा असतो, मान्य आहे, पण एकदा शंभर लोकांनी 'आमेन' आणि हात जोडलेले इमोजी पाठवले की मग आपल्याला देवाचं कमी आणि त्या शंभर लोकांचं जास्त ऐकू यायला लागतं.

बायबलमधलं 1 शमुवेल 3 काढून परत एकदा सावकाश वाचा. शमुवेल लहान पोरगा, देवाच्या मंदिरात झोपलेला, रात्री हाक ऐकू येते आणि तो उठून तिथल्या याजकाकडे, एलीकडे पळतो की तुम्ही हाक मारली ना, हा मी आलो. असं तीनदा होतं. तिन्ही वेळा झोपेतून उठून पळत जातो बघा, कुरकुर नाही काही नाही. एली म्हातारा, डोळ्यांनी दिसत नाही, त्याची पण तीनदा झोपमोड झाली तरी तो पोरावर खेकसला नाही, उलट तिसऱ्यांदा त्याच्याच लक्षात आलं की हे देवाचं काम आहे आणि त्यानेच शिकवलं की आता हाक आली तर काय म्हणायचं. चौथ्यांदा शमुवेल म्हणाला बोल, तुझा दास ऐकतोय. आणि जो संदेश मिळाला तो साधासुधा नव्हता, एलीच्याच घराण्याचा न्याय होणार म्हणून होता. आता एवढं मोठं ऐकल्यावर त्या पोराने काय केलं? सकाळपर्यंत पडून राहिला आणि उठून परमेश्वराच्या घराची दारं उघडली. रोजचं काम. एलीला सांगायला तो घाबरत होता, एलीने स्वतः बोलावून विचारलं तेव्हाच सांगितलं, पण सांगितलं तेव्हा काही लपवलं नाही.

तर करायचं ते असं. एका वहीत तारीख टाका, कोणतं वचन मनाला लागलं ते लिहा, काय वाटलं ते दोन ओळीत लिहा आणि वही ठेवून द्या. मग महिना-दोन महिने आपलं रोजचं काम करत राहा, कॉलेज असेल तर कॉलेज, शेत असेल तर शेत, दुकान असेल तर दुकान, आणि रोज त्या ओळींसाठी प्रार्थना करा. भावना ओसरून गेली आणि ओढ तशीच राहिली तर समजा की काहीतरी आहे. या काळात फक्त एका माणसाला सांगा. तो वयाने मोठा असावा, बरीच वर्षं सेवेत असावा आणि तुमची उगाच स्तुती करणारा नसावा. तो माणूस शंभर टक्के निर्दोष असला पाहिजे असं काही नाही, एलीचं स्वतःचं घर बिघडलेलं होतं, पोरं हाताबाहेर गेली होती, तरी देवाची हाक ओळखायला शमुवेल त्याच्याकडूनच शिकला. आपली तरुण पोरं कधीकधी म्हाताऱ्या वडीलधाऱ्यांना जुन्या विचारांचे म्हणून बाजूला सारतात, मला ते पटत नाही.

'मी लायक नाही' म्हणजे नम्रता नाही

हे जरा नीट समजून घ्या कारण आपल्याकडे यात फार गोंधळ आहे. संडे स्कूलला टीचर पाहिजे म्हटलं की सगळे खाली बघतात, नाही ओ, मी कुठे, मला काय येतं. ऐकायला गोड वाटतं पण दर वेळी ती नम्रता असतेच असं नाही.

मोशेला हाक आली तेव्हा तो 80 वर्षांच्या आसपास होता, सासऱ्याची मेंढरं चारत होता. निर्गम 3 आणि 4 मध्ये त्याची कारणं एकामागून एक येतात: मी कोण जाणारा, लोकांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू, ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, मला बोलता येत नाही. या चारही वेळा देव शांतपणे उत्तर देतो, चिडत नाही, म्हणजे घाबरणं हा काही गुन्हा नाही. पाचव्यांदा मोशे म्हणतो दुसऱ्या कोणालाही पाठव, आणि तिथे परमेश्वराचा राग भडकला असं लिहिलंय. तरीही त्याने मोशेला सोडलं नाही, सोबतीला अहरोन दिला. पुढे याच मोशेबद्दल गणना 12 मध्ये येतं की तो पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता, म्हणजे नम्र माणूस तो जाऊनच झाला, मिद्यानात मेंढरं राखत बसून राहून नाही.

फरक असा ओळखा. भीती वाटत असताना तुमचे प्रश्न कामाबद्दल असतील, की पोरांना काय शिकवू, पुस्तक कुठलं घेऊ, मला कोण मदत करेल, तर ठीक आहे, विचारा, मरीयेने पण देवदूताला विचारलंच होतं की हे कसं होणार, आणि मग ती हो म्हणाली. पण सगळा विचार लोक मला काय म्हणतील, माझं हसू झालं तर, एवढ्यावरच फिरत असेल तर तिथे मधोमध आपण स्वतःच बसलेलो असतो. आणि खरंच जमणार नसेल तर सरळ सांगा ना, "मार्चपर्यंत माझी परीक्षा आहे, एप्रिलपासून मी येतो." कारण आहे ते कारण सांगावं, त्याला नम्रतेचं नाव देऊ नये.

घरी कसं सांगायचं

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. पोरगा जेवता जेवता ताट बाजूला सारून जाहीर करतो की मी बायबल स्कूलला चाललो, बाप म्हणतो "तुले इतलं शिकाडं, आते हाई काय नवीन काढं?", आई रडायला लागते, आणि पोराला वाटतं की आपला छळ होतोय, आपण विश्वासासाठी सोसतोय. थांबा जरा. बापाच्या डोक्यात कापसाचं कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, यंदा पाऊस कसा पडेल ते आहे. ते विरोधक नाहीत, ते घाबरलेले आहेत.

बापाला सांगायचं तर शेतात बांधावर बसून सांगा, संध्याकाळी, घाई नसताना, चारचौघांत नको. असं म्हणा: "आबा, मला बरेच दिवस असं वाटतंय. मी अजून काही ठरवलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते मला ऐकायचंय." आणि मग खरंच ऐका, मध्ये वचन काढून तोंडावर मारू नका. येशूने म्हटलंय की जो आईबापावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करतो तो मला योग्य नाही, हे खरं आहे, पण त्याच येशूने वधस्तंभावरून आपल्या आईची सोय शिष्याच्या घरी लावली. दोन्ही गोष्टी एकाच प्रभूच्या आहेत, आपल्याला सोयीची तेवढी उचलू नये. पैशाचं काय करणार हे पण सांगा, नुसतं देव पुरवेल म्हणून वेळ मारून नेऊ नका. पौल तंबू शिवायचा, प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये आहे, हातांनी काम करून सेवा करण्यात कमीपणा नाही. गावातला कोणी पेंटिंगचं काम करून, कोणी रिक्षा चालवून पाड्यावरची प्रार्थना सांभाळतो, हे आपण रोज बघतो.

लग्न झालेलं असेल तर बायकोला किंवा नवऱ्याला सगळ्यात पहिले सांगा, पास्टरच्या पण आधी, आणि ती नको म्हणाली तर ढकलाढकली करू नका. किती जणांनी बायकोला न विचारता नोकरी सोडली आणि मग तिने दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून घर चालवलं. त्या बाईला कोणी स्टेजवर बोलावत नाही. मला याचा फार त्रास होतो.

अलीशाचं उदाहरण मला इथे सगळ्यात जवळचं वाटतं, 1 राजे 19. तो शेत नांगरत होता, बैलांच्या बारा जोड्या, बाराव्या जोडीमागे तो स्वतः. एलीया संदेष्ट्याने येऊन त्याच्यावर आपला झगा टाकला. अलीशा म्हणाला मला आईबापाचं चुंबन घेऊन येऊ दे. मग बैल कापले, औताच्या लाकडांवरच मांस शिजवलं, लोकांना जेवू घातलं आणि निघाला. आईबापाचा निरोप, गावजेवण, आणि मग एलीयाची सेवा. घरातून भांडून निघाला नाही.

मंडळीत सुरुवात कुठून करायची

आणि तो अलीशा पुढे कशावरून ओळखला जायचा माहितीये? 2 राजे 3 मध्ये राजाचा माणूस त्याची ओळख सांगतो की हा एलीयाच्या हातावर पाणी घालायचा. बस, एवढीच ओळख. आपल्याकडे पाहुणा जेवून उठला की घरातलं पोर तांब्या घेऊन हात धुवायला पाणी टाकतं ना, ते काम. बारा जोड्यांचा धनी माणूस आणि ओळख ही.

आमच्या चर्चमध्ये एक जुने वडील (मंडळीची जबाबदारी सांभाळणारे वडीलधारी) होते, त्यांच्याकडे जो कोणी येऊन म्हणायचा की देवाने मला उपदेशासाठी बोलावलंय त्याला ते एकच म्हणायचे, "तुले देवनी बलावं ना, मंग पहिले सतरंजी टाक." चिडून नाही हं, हसून, आणि दुसरं टोक स्वतः धरायचे.

पास्टर साहेबांकडे जाऊन मला कधी बोलायला देणार असं विचारू नका. विचारा की, "साहेब, आपल्या चर्चमध्ये असं कोणतं काम आहे ज्याला माणूस मिळत नाही?" अशी कामं भरपूर असतात. उपासनेनंतर सतरंज्या झटकून घड्या घालणं, लाईट गेली की जनरेटरकडे पळणं, म्हाताऱ्या बायांना गाडीवर घरी सोडणं, नाताळात सगळे गाणी म्हणत फिरत असताना चुलीपाशी थांबणं. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मागे घरात म्हातारा-म्हातारी आणि लहान पोरं राहतात, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जाऊन औषध-पाणी बघणं, मोबाईलवरून पडावावरच्या पोराशी बोलणं करून देणं. यातलं एक काम घ्या आणि वर्षभर करा, फोटो न काढता.

वर्ष ऐकून घाबरू नका. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर येशू भेटला, तरी गलतीकरांच्या पत्रात तो स्वतः सांगतो की यरुशलेमला जाऊन पेत्राला भेटायला 3 वर्षं गेली. मग तो तार्सला होता, तिथून बर्णबाने त्याला शोधून अंत्युखियाला आणलं, आणि त्यानंतर त्या मंडळीने हात ठेवून दोघांना पाठवलं. प्रत्यक्ष येशूचा आवाज ऐकलेला माणूस, पण त्यालाही कोणीतरी शोधून आणावं लागलं आणि कोणीतरी पाठवावं लागलं.

एक वाक्य आपल्या तोंडातून काढून टाका, ते म्हणजे "देवाने मला सांगितलंय" हे मीटिंगमध्ये शेवटचा शब्द म्हणून वापरणं. त्यावर समोरचा काय बोलणार? बोलला तर तो देवाविरुद्ध बोलला असं होतं. त्याऐवजी म्हणा, "मला प्रार्थनेत असं वाटलं, तुम्ही पण प्रार्थना करा आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा." आणि मंडळीच्या वडिलांनी नाही म्हटलं तर कारण विचारा, राग न धरता सहा-आठ महिन्यांनी परत विचारा, पण लगेच चार पोरं गोळा करून गल्लीतच दुसरी फेलोशिप उघडू नका. एकेका गावात एकाच आडनावाच्या दोन घरांत दोन वेगळ्या प्रार्थना चालतात, हे बघून वाईट वाटतं.

मात्र याचा अर्थ असा नाही की वरचा जे सांगेल ते मुकाट्याने करायचं. कोणी दानाच्या पैशात गडबड करायला सांगत असेल, कोणी बाईमाणसाशी किंवा लेकराशी वाईट वागत असेल आणि वर नम्र राहा, गप्प राहा म्हणत असेल तर तिथे गप्प राहणं चूक आहे. आवाज हळू ठेवा, शब्द स्पष्ट ठेवा, सोबत विश्वासाचं माणूस घ्या आणि गरज पडली तर पोलिसांत जा. नम्रता स्वतःचा मोठेपणा सोडायला सांगते, दुसऱ्याचं पाप झाकायला सांगत नाही.

आता एका मावशीबद्दल लिहिते, नाव टाकत नाही, तिला आवडणार नाही. नंदुरबारला हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या लागतात, लांबच लांब लालभडक मिरची वाळत पडलेली असते आणि बाया तोंडाला फडकं बांधून देठ खुडत बसतात, ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, संध्याकाळपर्यंत बोटांची आग होते. ती मावशी तिथे कामाला जाते. तिला देवाने हाक दिली असं ती स्वतः कधी म्हणत नाही. पण ऊन चढलं की सावलीच्या जागेवरून बायांमध्ये वाद होतो, तेव्हा ती आपलं पोतं उचलून उन्हात सरकते आणि नव्या आलेल्या पोरीला म्हणते ये माय, तू इथे बस. कोणाचं लेकरू आजारी असलं की सुटी झाल्यावर तिच्या घरी जाऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते, पण आधी विचारते, "करू का गं? तुले चालेल ना?" नको म्हटलं तर नुसती बसते, चहा पिते आणि येते. त्या 'करू का' मध्ये मला सगळी सौम्यता दिसते. आपण विचारत नाही, आपण सरळ सुरू होतो.

भांडण झालं की

होणारच. सेवेत उतरलात की पहिल्या वर्षातच कोणीतरी म्हणेल की याला फार शहाणपण आलंय. गणना 12 वाचा. मिर्याम आणि अहरोन, सख्खी बहीण-भाऊ, मोशेच्या बायकोवरून बोलायला लागले आणि वर म्हणाले की परमेश्वर काय फक्त मोशेशीच बोललाय का, आमच्याशी नाही का बोलला? मोशेचं उत्तर त्या ठिकाणी नाहीच. तो बोललाच नाही. देव बोलला. आणि मिर्यामला कोड फुटलं तेव्हा मोशे तिच्यासाठी ओरडून प्रार्थना करतो की हे देवा, तिला बरं कर. ती 7 दिवस छावणीबाहेर राहिली आणि ती परत येईपर्यंत सगळे लोक थांबले, तळ हलला नाही. जिने नावं ठेवली तिच्यासाठी प्रार्थना, आणि तिच्यासाठी थांबणं.

पण त्याच मोशेचं गणना 20 पण वाचा, हे सोडू नका. मिर्याम नुकतीच वारली होती, पाणी नव्हतं, लोक कटकट करत होते. देवाने सांगितलं खडकाशी बोल. मोशेने लोकांना बंडखोर म्हणून झापलं आणि काठीने खडकावर दोनदा मारलं. पाणी आलं, भरपूर आलं, लोक प्याले, जनावरं प्याली. तरी देवाने त्याला सांगितलं की या लोकांना त्या देशात तू नेणार नाहीस. म्हणजे बघा, काम झालं, लोकांची तहान भागली, बाहेरून बघणाऱ्याला मीटिंग एकदम यशस्वी वाटली असती. म्हणून माणसं आली, प्रार्थनेला उत्तरं मिळाली, यावरून आपली वागण्याची पद्धत बरोबर होती असं धरून चालू नका. आणि थकलेले असाल, घरात दुःख असेल तर काही दिवस बाजूला बसा, त्या अवस्थेत माईक हातात घेऊ नका.

रोजच्या व्यवहारात सांगायचं तर चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडायचं नाही, कोणी टोचून लिहिलं तर तिथे उत्तर द्यायचं नाही, वचनं फॉरवर्ड करून टोमणे मारायचे नाहीत (हे आपल्यात फार चालतं). मत्तय 18 मध्ये येशूने रस्ता सांगितलाय, आधी एकटं जाऊन बोल. तर फोन करा, नाहीतर घरी जा, चहा घ्या, आधी त्याचं ऐकून घ्या. दुसऱ्याची चूक दाखवायची असेल तर गलतीकर 6 मध्ये पौल म्हणतो सौम्यतेने त्याला ताळ्यावर आणा आणि स्वतःकडे पण लक्ष ठेवा, तुम्ही पण मोहात पडाल. तरुण पोराने वयस्कर माणसाला सांगायचं असेल तर आणखी सांभाळून, "जिभाऊ, मला एक विचारायचं होतं" अशी सुरुवात केली तरी अर्धं काम होतं.

नातेवाईक, आखाजी, कानबाई

आपल्यातल्या बहुतेकांचे काका, मामा, आत्या वेगळ्या श्रद्धेचे आहेत. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरवाशिणी येतात, श्रावणात कानबाई देवी बसते, डोंगरात होळी पेटते, आणि नुकताच सेवेत उतरलेला पोरगा तिथे जाऊन त्यांच्या देवाबद्दल वाटेल ते बोलतो. कशाला? प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिसात पौलाच्या लोकांविरुद्ध मोठा दंगा झाला, अर्तमी देवीच्या नावाने लोक दोन तास ओरडत होते, आणि तेव्हा शहराच्या चिटणीसानेच उभं राहून सांगितलं की या माणसांनी देऊळ लुटलेलं नाही की आपल्या देवीची निंदा केलेली नाही. पौल त्या शहरात 3 वर्षं राहिला होता आणि विरोधी माणूस अशी साक्ष देतो. नंतर इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा निरोप घेताना पौल म्हणाला की मी तुमच्यात सगळ्या नम्रतेने आणि अश्रू गाळत सेवा केली.

1 पेत्र 3 मध्ये सांगितलंय की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारलं तर. म्हणून मामाच्या घरी गेलात तर आधी मामीला पाणी भरू लागा, जेवणाचं कौतुक करा, जे करायला मन घेत नाही ते हळूच "मामी, मला राहू द्या" म्हणून टाळा, भाषण नको. कोणी विचारलं तर तेव्हा तुमचं स्वतःचं काय झालं ते सांगा, त्यांचं काय चुकतंय ते नाही.

आणि सौम्यता ही फक्त आपल्यालाच माहितीये असं पण समजू नका. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, तिथून जवळच मुक्ताईनगरला मुक्ताबाईचं स्थान. लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला, ज्ञानेश्वरांना, त्या लहान बहिणीने सांगितलं की जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, आणि एवढा मोठा योगी चांगदेव तिच्यापुढे शिष्य म्हणून बसला, असं आपल्या मातीत सांगतात. शेजारच्या माणसाला हे लहानपणापासून ठाऊक आहे. आपण ख्रिस्ताचं नाव घेऊन त्याच्यापुढे उद्धटपणे वागलो तर त्याला काय वाटेल?

सातपुड्यात जाणार असाल, धडगाव-अक्कलकुव्याकडे, तर आधी तिथली भाषा शिका. पावरी, भिली, जी असेल ती. शुद्ध मराठीतला उपदेश तिथली आजी मान हलवून ऐकते, बरेचदा कळत नसतो. पहिले सहा महिने तुम्ही तिच्याकडून शब्द शिका, चुका करा, ती हसेल, तिला शिकवू द्या. तिला कोणी गुरू केलेलं नसतं आजवर.

स्तुती, पैसा आणि बाजूला होणं

स्तुती झाली तर नाही नाही म्हणून लांबण लावू नका, थँक्यू म्हणा आणि ज्याने मदत केली त्याचं नाव घ्या. पैसा एकट्याने हातात घेऊ नका, दोघांनी मोजा, वहीत लिहा, सही घ्या.

बाजूला होणं जास्त अवघड आहे. तुम्ही सुरू केलेल्या संडे स्कूलमध्ये एखादी नवी पोरगी येते, तिला गिटार येते, पोरं तिच्याभोवती गोळा होतात, तेव्हा पोटात कालवतं. करिंथमध्ये पण लोकांनी पौलाचा गट, अपुल्लोचा गट केला होता आणि पौलाने लिहिलं की मी लावलं, अपुल्लोने पाणी घातलं, वाढवलं देवाने. तर त्या पोरीला कपाटाची चावी द्या, हजेरीची वही द्या, कोणत्या पोराच्या घरी बाप दारू पितो, कोणतं लेकरू उपाशी येतं, कोणाला ओरडलं की ते परत येत नाही, हे सगळं बसून सांगा. मग महिनाभर तिच्या वर्गात मागच्या रांगेत बसून पोरांच्या पेन्सिली तासून द्या, आणि ती तुमच्यापेक्षा वेगळं काही करत असेल तर तिने विचारल्याशिवाय बोलू नका. त्यानंतर पास्टर साहेबांकडे परत जा आणि तोच प्रश्न विचारा, की आता कोणत्या कामाला माणूस मिळत नाहीये.